सागवानी शिंग

॥ श्री ॥

दीक्षितपुरा, जबलपूर
शनिवार, २५ ऑगस्ट १९७९

चि. सौ. नर्मदेस शालिग्रामदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी शकु खुशाल आहे. जेवते, झोपते, शाळेत जाते. पुढचं पत्र संतापात लिहीत आहे, तेव्हा अक्षर हललं तर समजून घे.

परवा आपल्या मराठी शाळेत तान्हा पोळा झाला. मुलांनी आपापला लाकडी बैल दोरीनं ओढत आणायचा, तोरणाखाली रांग धरायची आणि पाहुण्यांनी पाहून नंबर काढायचे, ही रीत तू त्या शाळेत होतीस तेव्हापासूनची. यंदा भाची माझ्या घरी शिकायला आहे म्हणून बैल मी स्वतः केला. जुन्या दाराचं सागवान, उंची अकरा इंच, वशिंडासकट धड एका अखंड तुकड्यातलं. चाकं रिछाईच्या आमच्या कारखान्यात सुटी झाल्यावर लेथवर कातली. चारांत सूतभर फरक नाही. मानेत शिशाचा गोळा असा बसवला की बैल चालला की मान डोलवतो. मी चौथी पास माणूस, पण डिप्लोमावाले ड्रॉइंग उलटं धरतात तेव्हा सरळ करून द्यायला मलाच बोलावतात, हे तुला ठाऊक आहे.

आणि पहिला नंबर कोणाला? ठेकेदाराच्या नातवाला! बाजारातून आणलेला बैल, वरून चमकी चिकटवलेली आणि एक शिंग दुसऱ्यापेक्षा अर्धा इंच मोठं! नंबर काढणारे पाहुणे म्हणजे एक निवृत्त साहेब, ज्यांनी जन्मात पटाशी हातात धरली नसेल. त्यात ऐन शकूची पाळी आली अन् तिच्या हातातली दोरी सुटली. दोरीचा फास मी तिच्या मुठीच्या मापाचा केला होता, तो सुटला कसा ते मला कळत नाही. बैल जागीच उभा राहिला, मान डोललीच नाही, साहेब पुढे गेले.

तेव्हापासून पोरगी हो-नाहीच्या पलीकडे बोलत नाही. अन्याय मुलांनाही कळतो. तुझी वहिनी सत्यवती म्हणते, पोरीला घरची आठवण येऊन राहिली. मी म्हटलं, दोन महिने आली नाही ती आताच बरी आली! मी शाळेच्या समितीचा चिटणीस आहे. चार पानी तक्रार लिहून तयार आहे.

बळीरामजी मागच्या सोमवारी बसच्या घाईत वहिनीच्या हाती डबा देऊन गेले, त्यातला मातीचा बैल मिळाला. वाटेत थोडी मोडतोड झाली होती, ती मी दुरुस्त केली. काळजी नसावी.

बळीरामजींना नमस्कार. तुमची खुशाली वेळेवर कळत राहो, एवढीच अपेक्षा.

तुझा
दादा


॥ श्री ॥

सिहोरा
मंगळवार, २८ ऑगस्ट

तीर्थस्वरूप दादांस नर्मदेचा कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मोठ्यानं वाचून दाखवलं तर हे म्हणाले, पुन्हा वाच, बैल डोळ्यांपुढे उभा राहिला पण शकु काही दिसली नाही. रागावू नका. तुमच्यासारखं मोजमाप करायचं म्हणून मी ओळी मोजल्या. लाकडी बैलावर आणि त्याच्या शत्रूंवर वीस, शकूवर पाच. त्यातली एक वहिनीची, तीही तुम्ही खोडून काढलेली!

इकडे पोळा बरा झाला. शकूला सांगा, गाडीच्या पाखऱ्या बैलाला तिची निळी झूल घातली. तिनं बजावून ठेवलं होतं तसं बाशिंग डाव्या बाजूनं जास्त कसून बांधलं, घसरलं नाही. तो फाटकाकडे तोंड करून उभा राहतो. हे म्हणतात माशांमुळे. मला तसं वाटत नाही.

दादा, दोन गोष्टी विचारते. दोरी सुटली की तिनं सोडली, हे तुम्ही तिला विचारलं का? आणि मातीच्या बैलाचं नेमकं काय मोडलं होतं? तो तिनं आणि तिच्या बाबांनी उन्हाळ्यात तलावाची माती आणून केला. वाळायला वेळ लागला म्हणून मागाहून पाठवला. पोळ्याला तोच न्यायचा, असं जाताना ती मला तीनदा सांगून गेली होती.

आठ वर्षांची पोर आहे हो. गप्प बसायचं तिचं वय नाही. इथे असताना मीच तिला गप्प बस म्हणून थकत होते.

वहिनींना नमस्कार. मनात राग धरू नये, धरलाच तर पत्रात उतरवून मोकळं व्हावं.

तुमची
नर्मदा


॥ श्री ॥

दीक्षितपुरा
शनिवार, १ सप्टेंबर

चि. सौ. नर्मदेस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू ओळी मोजल्यास, ठीक. आता या पत्राच्याही मोज.

काल समितीची सभा झाली. हजर एकोणीस. मी तक्रार वाचायला उभा राहणार तोच शकूच्या वर्गाच्या विभावरीबाई उभ्या राहिल्या. माहेरापासून पाच पिढ्या मास्तरांच्या, शुद्ध बोलणाऱ्या. त्यांचं म्हणणं, नंबर काढणं बंद करा. चौतीस मुलांतली अकरा मुलं त्या दिवशी रडत घरी गेली. बैल करतात बाप आणि मामा, नंबर काढतात आजोबा, मुलांच्या वाट्याला येते ती फक्त दोरी. मामा म्हणताना बाईंनी माझ्याकडे पाहिलं. एकोणीस माणसांत! मी तिथेच सांगितलं की बाई, रडल्याशिवाय कोणी शिकत नाही. मला कोणी नंबर दिले होते? मी रद्दीतली पुस्तकं वाचून शिकलो.

त्यावर बाई म्हणाल्या की भाऊसाहेब, तुमची शकु रडलीसुद्धा नाही, मला तिचीच जास्त काळजी वाटते. आठवडाभर वर्गात बोलत नाही, मधल्या सुटीत डबा उघडत नाही, पाटीवर रोज एकच चित्र काढते आणि पुसते. एका शिंगाचा बैल. मी म्हटलं, त्यात काळजी कसली, चित्रकला कच्ची आहे. घरी मीच परवा तिच्या पाटीवर दुसरं शिंग काढून दिलं. तिनं पाटी पालथी घातली. बाई मान हलवून खाली बसल्या. मी तक्रार न वाचताच उठून आलो. आता चिटणीसपद त्यांनीच सांभाळावं!

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. एक, दोरीचं विचारलं. ती म्हणाली, सोडली. काहून सोडली म्हटलं तर गप्प. तुझी वहिनी मध्ये पडली, नाहीतर मी छडा लावलाच असता. दोन, मातीच्या बैलाचं डावं शिंग मुळापासून गेलं होतं. डब्यात तुकडा सापडला नाही, म्हणजे बसमध्येच कुठे पडला असणार. मी सागवानाचं दुसरं कोरलं, उजव्याच्या मापानं, वाक सुद्धा तोच, मातीचा रंग दिला. जुनं कोणतं आणि नवं कोणतं, ओळखून दाखव. शकु शेजारी बसून सगळं पाहत होती. मला वाटलं, काम पाहायची आवड आहे. तो बैल कपाटावर ठेवला आहे. खरं सांगतो, तो चार लोकांत न्यायच्या लायकीचा नव्हता, पाय आखूड-लांब, शेपूट पोटाला चिकटलेलं. माझ्या घरातून तसा बैल गेला असता तर लोक काय म्हणाले असते?

सगळे मिळून मलाच का धारेवर धरून राहिलेत, हे मला समजलेलं नाही.

तुझा
दादा


सिहोरा
मंगळवार, ४ सप्टेंबर

ती. दादांस नर्मदेचा नमस्कार. वि. वि.

आज वर श्री लिहायचं राहिलं. राहू द्या.

ते शिंग बसमध्ये पडलं नाही. ते नव्हतंच. पाखऱ्याचं डावं शिंग तीन वर्षांपूर्वी गाडी उलटली तेव्हा जुवाखाली सापडून गेलं. शकु पाच वर्षांची होती. रक्त थांबेपर्यंत त्याच्या तोंडाशी बसून राहिली, जखम बरी होईपर्यंत बाबांबरोबर हळद लावायला गेली. घरी असताना शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि आधी त्या मोडक्या शिंगाच्या खुंटावर हात ठेवायची. तो मातीचा बैल म्हणजे पाखऱ्या होता, दादा. आईबाप सोडून परक्या गावी जाताना पोरीनं सोबतीला मागितलेली एकच वस्तू. तिच्या डोळ्यांदेखत तुम्ही त्याला दुसरं शिंग लावलंत आणि कपाटावर ठेवून दिलंत. वर मला लिहिता, ओळखून दाखव!

तुम्हाला वाईट करायचं नव्हतं, हे मला कळतं. म्हणूनच जास्त राग येतो. वाईट करणाऱ्याला दोन शब्द सुनावता येतात. तुम्ही इतक्या मेहनतीनं, इतक्या मापानं करता की समोरच्याला नको म्हणायची सोय उरत नाही. मलाही कधी उरली नाही. माझ्या लग्नात पाट तुम्ही केलेत, रंग तुम्ही ठरवलात, माझा आवडता कोणता हे अजून तुम्हाला ठाऊक नाही.

आईनं मला सांगितलेली एक गोष्ट आज लिहिते. गावी असताना तुम्ही आठ वर्षांचे होतात, ज्वारीच्या धांड्याचा बैल करून तान्ह्या पोळ्याच्या रांगेत उभे राहिलात. पाटलाच्या माणसानं हसून तुम्हाला पार शेवटी नेऊन उभं केलं. तुम्ही बैल विहिरीत टाकला आणि दोन दिवस जेवला नाहीत. आई म्हणायची, तेव्हापासून शालिग्रामचं कोणतंही काम वाकडं झालं नाही. ती अभिमानानं सांगायची. मला आज रडू आलं.

हे धान्याच्या खरेदीसाठी बाहेर गेलेत, पंधराला रात्री परततील. रविवारी, सोळा तारखेला, मी पहिल्या बसनं येते. शकूचे कपडे बांधून ठेवा. मराठी शाळा नसली तर नसली, इथल्या हिंदी शाळेत जाईल. बोलेल तरी.

नर्मदा


॥ श्री ॥

दीक्षितपुरा
बुधवार, १२ सप्टेंबर

चि. सौ. नर्मदेस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी आलं. उत्तराला सहा दिवस लागले. इतका उशीर मी कधी करत नाही.

आधी माझा राग ऐकून घे. बळीरामजींना तोंड नव्हतं? शिंग असंच आहे, एवढे तीन शब्द सांगायला बस थांबली नसती का? आणि धांड्याच्या बैलाची गोष्ट तू मध्ये आणायला नको होतीस. आई ती कोणाला सांगत असेल, हेच मला माहीत नव्हतं. विहीर नव्हती ती, पाटलाच्या वाड्यामागचं डबकं होतं. बाकी बरोबर आहे.

पत्र वाचलं त्याच संध्याकाळी बैल कपाटावरून खाली काढला. शकूला समोर बसवलं आणि सांगितलं की मला माहीत नव्हतं, मी चुकलो. तुझी वहिनी दारात उभी होती. ती म्हणते, लग्नाला चोवीस वर्षं झाली, हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. तिला म्हटलं, ऐकलंस ना, मग जा आता.

शिंग काढणं सोपं नव्हतं. मी बसवलेलं होतं, निघणार कसं? ओढलं तर डोकं फुटायचं. ओलं फडकं गुंडाळून तासभर ठेवलं, मग दोऱ्यानं हळूहळू कापत आणलं. निघालं, पण सोबत डाव्या कानाचा टवका निघाला. मी लगेच माती भिजवायला उठलो. तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, मामाजी, कान राहू द्या, तुम्ही आता काही लावू नका.

मी बसलो.

मग ती बोलायला लागली. पाखऱ्याची गाडी कुठे उलटली, चाक कोणतं निघालं, हळद कोणत्या हातानं लावायची, खुंट चार बोटं आहे, पावसाळ्यात तिथे खाजतं, मग तो खांबाला घासतो, पण डावीकडून उजवीकडेच. मी मध्येच म्हटलं, चार बोटं कोणाची, तुझी की माझी? तर म्हणाली, माझी, पण तेव्हाची. नर्मदे, पंचवीस वर्षांत कोणत्याही फोरमननं मला इतका चोख तपशील दिलेला नाही. जेवण निवून गेलं. दोरीचंही तेव्हाच कळलं. आपला बैल घरी कपाटावर असताना दुसऱ्याचा ओढायचा नव्हता, म्हणून खाली ठेवली. सुटली नव्हती. माझा फास बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी विभावरीबाईंच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला, टोमणा एकही मारला नाही, तोच जास्त लागला. सोमवारी पुन्हा सभा. ठराव मीच मांडला, सूचक म्हणून माझंच नाव आहे, इतिवृत्तही माझ्याच अक्षरात आहे. येत्या शनिवारी, पंधरा तारखेला, सकाळी आठला मुलांची रांग पुन्हा लागेल. पाहुणे नाहीत, नंबर नाहीत. बैल मुलांनी हातानं केलेला हवा, मोठ्यांचा हात लागलेला चालणार नाही. ठेकेदार म्हणाले, असं केलं तर काय वाट्टेल ते येईल रांगेत. मी म्हटलं, येऊ द्या. पोरांना हसणारा कोणी मोठा माणूस दिसला तर त्याला फाटकाबाहेर मी स्वतः काढीन, ठेकेदार असो की साहेब! हे वाक्य बाईंनी इतिवृत्तात घेऊ दिलं नाही.

कपडे मी बांधलेले नाहीत. तिला विचारलं, इथे राहतेस की सिहोऱ्याला जातेस? म्हणाली, आईला आल्यावर सांगीन. मला सांगितलं नाही. सांगावं असा मी हट्टही धरला नाही. पण रविवारऐवजी तू शनिवारीच पहिल्या बसनं ये. उतरून तडक शाळेत, घरी थांबू नकोस.

अजून एक. मातीचा बैल ओढता येत नाही, पाय झिजतात. काल शकूनं मला एक काम सांगितलं. पाखऱ्याला उभं राहायला फळी आणि खाली चाकं, एवढंच. बैलाला हात लावायचा नाही. मी म्हटलं, यात मोठ्यांचा हात लागला त्याचं काय? ती म्हणाली, गाडी म्हणजे बैल नाही. ठरावात तसं स्पष्ट लिहिलेलं नाही, ही चूक माझीच. फळी केली. सागवानी बैलाचीच चाकं काढून लावली. तिनं अंगणात दोन फेऱ्या मारल्या, थांबली, कान लावून ऐकलं आणि मला म्हणाली, मामाजी, मागचं उजवं चाक आवाज करून राहिलं, पाखऱ्या बिचकेल.

माझ्या चाकाचा आवाज आजवर आलेला नाही. कालही येत नव्हता. तरी मी तेल घातलं.

वाट पाहत आहे. राग शिल्लक असेल तर तोही घेऊन ये, बसमध्ये विसरू नकोस.

तुझा
दादा