अठरा फुटांवरचं पाणी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला गेला का? इकडे आम्ही बापलेक ठीक आहोत, म्हणजे एकमेकांशी भांडण्याइतके ठीक आहोत.

तर, कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपाची जमिनीखालची टाकी गळते असा संशय आला आणि पाणी कुठवर बिघडलंय ते तपासायला आमच्या ऑफिसने चार निरीक्षण विहिरी घ्यायचं ठरवलं. (विहीर कसली, वीतभर रुंदीचं भोक. त्यात चिरा पाडलेला पाइप, भोवती वाळू, वर सिमेंट आणि कुलूपवालं झाकण.) त्यातली एक आपल्या परसात. बोअरची गाडी फाटकातून आत आली ती फाटकाचा खांब घेऊनच. बाबा खांबाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. गाडीवाल्याला म्हणाले, "पाणी अठरा फुटांवर लागेल." (तुझ्या जन्माच्या वर्षी त्यांनी आपली विहीर खणून घेतली, त्या जोरावर.) आणि ताई, अठरालाच लागलं. मग दिवसभर त्या बिचाऱ्याला जमिनीच्या पोटातलं ज्ञान ऐकावं लागलं.

नमुना घ्यायच्या दिवशी निराळीच तऱ्हा. पाइपात साचलेलं पाणी आधी उपसून पिंपात भरायचं असतं, मगच ताजं पाणी बाटलीत, तेही एक बुडबुडा न राहू देता. एवढं पाणी वाया जातंय म्हणून बाबांनी त्यातली बादली गुपचूप गुलाबाकडे नेली. मला धावत जाऊन हिसकावून घ्यावी लागली. माझी पहिली बाटली बुडबुड्याने गेली, दुसरी "तुझा हात थरथरतोय" या त्यांच्या देखरेखीने. तिसरी साधली. मग आपल्या विहिरीचीही एक बाटली भरून घेतली. खूश होऊन ते आपल्या विहिरीचं पाणी घेऊन आले, तबकात पाच पेले. माझ्या माणसांपैकी एकालाही तहान नव्हती. मलाही नव्हती. बाबा तबक धरून बराच वेळ उभे राहिले.

अहवाल आठवड्याने आला. नव्या पाइपात पेट्रोल, आणि आपल्या विहिरीतही. मी वाचून दाखवला. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुझ्या आईलाही हेच पाजत होतो ना रे?"

"टाकी कधीपासून गळतेय ते अजून कळलेलं नाही, बाबा," मी म्हटलं. हे खरं आहे.

ते उठले, विहिरीवर पत्रा ओढला आणि त्यावर एकेक दगड आणून ठेवला. मला हाक मारली नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. : आपल्या घरात दवाखान्यात नोकरी करणारी तूच एक. दोन दिवस ये आणि आईचं दुखणं पाण्याचं नव्हतं, असं त्यांना सांग. तू लहानपणापासून माझ्यापेक्षा सफाईने खोटं बोलतेस. (काचेची बरणी तू फोडलीस आणि मार मी खाल्ला.)

आणखी एक : ते कदाचित खरंही असेल. पण सांगशील तेव्हा मी खोलीत असेन असं बघ. शेवटचे सहा महिने तिच्या उशाशी तांब्या मीच भरून ठेवायचो.