धुतलेली थप्पी

पेरुंगुडी, चेन्नई
३ ऑक्टोबर २०२५

ती. सुनेत्राआत्यास,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून मी पत्रं लिहिते. आज ते बरं वाटतंय. फोनवर मी रडले असते.

आमचं काम तुला ठाऊक आहे. परदेशातून आलेलं पाइनचं लाकूड आम्ही गोदामात साठवतो, भट्टीत सुकवतो आणि कारखान्यांना हव्या त्या मापात कापून देतो. ओरगडमच्या एका कारखान्याने पहिली खेप मागवली आहे. त्यांची यंत्रं बोटीने जातात, त्यांच्या खोक्यांसाठी फळ्या. लाकूड ओलं असलं तर वाटेत यंत्र गंजतं, म्हणून कोरडेपणाची अट कडक. खेप पसंत पडली तर वर्षभराचं काम. नाही पडली तर आमचे मालक शेषाद्री जानेवारीत कापणी बंद करून नुसती जागा भाड्याने देणार. आरा विकला जाईल. त्याच्यावरची माणसं घरी जातील, आणि मीही.

खेप तयार होती. परवा आयुधपूजा झाली. आपण खंडेनवमीला आऱ्याला हार घालतो की झालं. इथे आधी सगळं धुतात. काही म्हणता काही धुळकट राहू नये, असं मी उत्साहाने सांगून बसले. आमचे मुकादम गुरुमूर्ती तंजावरचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. माझा शब्द ते खाली पडू देत नाहीत. त्यांनी भुशाने माखलेली तयार थप्पीसुद्धा पाइप लावून धुतली आणि तिला गंध-कुंकू लावलं.

मी पाहिलं तेव्हा पूजा मांडून झाली होती. ओलावा मोजायचा मीटर, पंखे, सगळं देवापुढे, चंदन-कुंकू लावून. पूजेतल्या हत्याराला दुसऱ्या सकाळपर्यंत कुणी हात लावत नाही. मीही आग्रह धरला नाही. थप्पी रात्रभर तशीच ओली राहिली. काल मीटरचं कुंकू पुसून मोजलं. आकडा वाईट आहे.

भट्टीत दुसऱ्याचा माल आहे. येत्या बुधवारी कारखान्याच्या तपासनीस बाई, वाणी, येतील. शेषाद्री म्हणतात, वरचा थर उन्हात सुकवून ठेवा, त्या तेवढाच मोजतात. काय करू?

लोभ आहेच, सध्या तो कोरड्या जागी ठेव.

तुझी
देविका

*

बल्लारपूर
७ ऑक्टोबर

चि. देविकास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसले. मग पुन्हा वाचलं आणि हसू गेलं. इतकी वर्षं आरागिरणी चालवली. गिऱ्हाईक धुणारे पुष्कळ पाहिले, लाकूड धुणारी तूच.

धीर सोडू नकोस. हे वरून लागलेलं पाणी आहे, लाकडाच्या आतलं नव्हे. उन्हात टाकशील तर फळ्या तडकतील. थप्पी मोड. सावलीत पुन्हा रच. प्रत्येक दोन थरांत पट्ट्या घाल, त्याही वरखाली एका रेषेत, नाहीतर फळ्या वाकतील. वारा खेळू दे. तळाच्या थरांवर आशा ठेवू नकोस, पाणी तिथे मुरतं.

वरचा थर दाखवावा का, हे तू मला विचारतेस. उत्तर तुला माहीत आहे, तुला फक्त कुणी रागवायला हवं आहे. तर मी रागावले आहे असं समज.

तिथल्या अड्यारच्या कानाच्या डॉक्टरांविषयी पुन्हा लिहू नकोस. माझे कान आऱ्याने नेले, त्याची तक्रार नाही. गिरणी बंद झाल्यापासून ऐकण्यासारखं तरी काय आहे? जेवत जा.

आशीर्वादांसह,
आत्या

*

पेरुंगुडी
१० ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज आलं. तोवर व्हायचं ते झालं होतं.

सोमवारी मीच वाणींना फोन केला आणि थप्पी धुतल्याचं सांगितलं. त्यांनी आधी खेपेचा नंबर लिहून घेतला. मग विचारलं, साबण लावला होता का. मी नाही म्हणाले. बुधवारी आल्या त्या वरच्या थराकडे न बघता म्हणाल्या, थप्पीच्या पोटातली फळी काढा आणि मधोमध कापा. गुरुमूर्तींनी कापली. ताज्या कापावर मीटर टेकवला. आत कोरडी निघाली. पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत मिळाली, पण जाताना त्यांनी सांगितलं की पुढच्या वेळी प्रत्येक थर मोजणार.

शेषाद्री माझ्याशी बोलत नाहीत. माणसं मात्र न सांगता थप्पी मोडायला लागली. आज तुझ्या पत्राप्रमाणे पट्ट्या एका रेषेत घेतल्या. आम्ही त्या घाईत वाकड्यातिकड्या घातल्या होत्या. गुरुमूर्तींनी घरचा पंखाही आणला. त्यांच्या बायकोचा, अलमेलूमामींचा, निरोप आहे की लाकडाला वारा आणि मला घाम, हा न्याय मराठी की तमिळ, ते देविकाने कळवावं.

आभाळ भरून येतंय. ताडपत्री बांधली आहे.

पत्राची वाट पाहते. राग पुरला, आता माया पाठव.

देविका

*

पेरुंगुडी
१८ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल वाणींनी सगळे थर मोजले. तळाचे दोन नापास झाले. ते आम्ही आधीच बाजूला काढून ठेवले होते आणि त्यांच्या जागी नव्या फळ्या कापल्या होत्या. बाकी पास. वाणींनी एका फळीवरचं कुंकू पाहिलं आणि ते पुसू नका म्हणाल्या. खेप गेली. वर्षाचं काम मिळालं.

शेषाद्री आज बोलले. आऱ्याचं नवीन पातं मागवा, एवढंच. गुरुमूर्ती तोंड फिरवून बराच वेळ भुसा झाडत होते.

दुसरा मीटर घेतला आहे. त्याची देवाशी ओळख करून द्यायची नाही, असं ठरलं आहे.

डॉक्टरांचं लिहीत नाही. पण दिवाळीनंतर ये. नुसती ये.

देविका

*

बल्लारपूर
२४ ऑक्टोबर

चि. देविकास,
अनेक आशीर्वाद.

तिकीट काढलं आहे. अलमेलूबाईंना सांग, न्याय तमिळ असो की मराठी, पंखा मी नवा आणते आहे.

डॉक्टरांकडे नेऊ नकोस. स्टेशनवरून आधी गोदामात ने. आरा चालू असेल अशा वेळी ने, आणि तिथे मला चपला काढून जरा उभी राहू दे. कानांनी नाही, पण आरा चालला की जमीन थरथरते. ते मला अजून ऐकू येतं.

भेटीपर्यंत माया इथूनच,
आत्या