अकराशे सेहेचाळीसमध्ये पोचवा

सेक्टर ३०, चंडीगड
२४ सप्टेंबर २००२

प्रिय देवयानी,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व ठीक, असं लिहून पुढे जाणार होते, पण ठीक काहीच नाही. आमची गाडी चोरीला गेली. कसौलीच्या घाटात तुझ्या प्रसन्नला जिच्यात उलटी झाली होती, तीच क्रीम रंगाची मारुती. चतुर्थीच्या आदल्या रात्री क्वार्टरसमोर लावली होती, सकाळी तिथे तेलाचा एक डाग उरला होता. फोनवर सांगितलं नाही, कारण हल्ली फोनवर तू अर्ध्या मिनिटाच्या वर टिकत नाहीस. मेल का केली नाही, ते पुढे लिहीनच.

आणि गाडीत गणपती होता. तू पाठवलेला.

आता पत्र खाली ठेवू नकोस. आधी बाकीचं सांगते. पोलीस चौकीत आम्हाला तीनदा बोलावलं. दोन्ही किल्ल्या आणा, पावती आणा, पेट्रोल किती होतं ते सांगा. गिअर लॉक का नव्हतं, हे विचारताना हवालदार असा बघत होता की आम्हीच चोराला चहाला बोलावलं असावं. गाडीत आणखी काय होतं असं विचारल्यावर श्यामकांत म्हणाले, गणेशजींची मूर्ती. "चांदी की?" "नहीं, मिट्टी की." त्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "फिर रहने दो जी." विम्याचा माणूस म्हणतो, गाडी सापडत नाही असं पोलिसांनी लिहून द्यावं, आणि पोलीस म्हणतात, अजून शोधतो आहोत, असं कसं लिहून देऊ. श्यामकांत पुन्हा स्कूटरने लॅबमध्ये जायला लागलेत. भाजीवाल्यापासून सगळ्यांनी मला सांगून झालंय की गाडी एव्हाना नेपाळला पोचली असेल. मला नेपाळचं काही नाही. मला गणपतीचं आहे.

तू म्हणशील, गणपती रात्रभर गाडीत कशाला ठेवला? सगळ्यांनी तेच विचारलं. सगळ्यांना जे सांगितलं ते आधी तुलाही सांगते. झेलम एक्सप्रेस अशी लेट झाली की रात्रीची गाडी अंबाल्याला दुसऱ्या दिवशी दुपारी आली. माझा हरतालिकेचा उपास, प्लॅटफॉर्मवर पाण्याचा घोटसुद्धा नाही. पुण्याहून तुझी मूर्ती घेऊन आलेले बाळकृष्णराव जम्मूला पुढे जाणारे, त्यांनी खिडकीतून खोकं हातात दिलं, मेतकुटाची पिशवी दिली आणि निरोप दिला. घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. मूर्ती घरात घ्यायची ती सकाळी, पायांवर दूधपाणी घालून, ओवाळून. आणि एकदा एका घराच्या उंबऱ्याच्या आत घेतली की पूजा, विसर्जन झाल्याशिवाय तिथून हलवायची नाही, हे तुझ्याच सासूबाईंनी आपल्याला शिकवलेलं. म्हणून लाल कापड पांघरवून मागच्या सीटवर ठेवली. सकाळी आरतीचं तबक घेऊन बाहेर आले तर समोर रस्ता मोकळा.

हे सगळं खरं आहे. फक्त बाळकृष्णरावांनी निरोप काय दिला, ते विचारायला आलेल्या कोणाला मी सांगितलेलं नाही, ते फक्त श्यामकांतांनी ऐकलं. ते म्हणाले, "देवयानीबाईंनी सांगितलंय, अकराशे सेहेचाळीसमध्ये पोचवा."

अकराशे सेहेचाळीस. म्हणजे ऋताकडे.

तू नऊ वर्षं त्या घरात राहिलीस, तोवर आपल्या सेक्टरमधल्या मराठी मंडळींचा गणपती तिथेच बसायचा. त्याबद्दल मी कधी काही बोलले नाही. मोदक मी करायचे आणि बसायचा तुझ्याकडे, ते मला चालत होतं. यतीनची पुण्याला बदली झाली, तू गेलीस, आणि गेल्या वर्षी मूर्ती तू माझ्याकडे पाठवलीस. तेव्हा मला वाटलं, चला, हिने जाताना आपल्या हातात काही तरी दिलं. आणि एका वर्षात ते काढून घेऊन तू त्या पोरीला दिलंस. तिचा नवरा हृषीकेश लॅबमध्ये लागून त्यांना तुझं क्वार्टर मिळालं म्हणून? ती बत्तीस नंबर सेक्टरच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे म्हणून?

श्रावणात आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "देवयानीताईंची मेल रोज असते मला." अगदी सहज म्हणाली. मी वाटलेल्या डाळीची वाटी हातात धरून उभी होते. रोज! आणि मला तू काय पाठवतेस? गुलाबी अस्वल. मैत्रीवरची दहा वाक्यं, खाली सूर्यास्त. पंख फुटलेलं बाळ, जे दहा जणांना पाठवलं नाही तर सात दिवसांत संकट येईल. हरवलेल्या एका मुलाचा फोटो, जो नेत्रा म्हणते की ती शाळेत होती तेव्हापासून हरवलेलाच आहे. तेच अस्वल चार वेळा आलं, देवयानी. मोडेम पंधरा मिनिटं किरकिरतो, तेवढा वेळ फोन बंद, श्यामकांत वैतागतात, आणि मी तुझं नाव दिसलं म्हणून उघडते तर अस्वल. मी नेत्राला म्हटलं, बघ गं, खाली कुठे मावशीने स्वतःचं काही लिहिलंय का. ती म्हणाली, "मम्मी, ये फॉरवर्ड है, इसमें कोई कुछ लिखता नहीं." मला वाटलं, बरोबर आहे. लिहायचं ते ऋताला, आणि उरलंसुरलं या शैलजाला. म्हणून मी तुला मेल करायची सोडली.

तर आता ती रात्र खरी कशी झाली ते लिहिते. ऋता घरी होती. तिच्या स्वयंपाकघरात दिवा होता, मी गाडीतून पाहिला. श्यामकांतांनी तिच्या दारापुढे गाडी हळू केलीसुद्धा. मी म्हटलं, ती ड्यूटीवर असेल, सकाळी बघू. माझ्या घरात मूर्ती घेतली तर ती माझी झाली असती, आणि लोक म्हणाले असते, दुसऱ्याचा गणपती पळवला. तेवढी काही मी वाया गेलेली नाही. पण तिच्या दारात माझ्या हाताने नेऊन देणं, तिने हसून "आत या ना ताई" म्हणणं, हे मला त्या रात्री सोसवलं नसतं. म्हणून तो ना तिचा ना माझा असा रस्त्यावर राहिला. मला एक रात्र हवी होती. सकाळी दिलाच असता. असं मी स्वतःला सांगते, आणि मला ते पटतही नाही.

चतुर्थीला आम्ही पाटावर तांदूळ पसरून सुपारी मांडली. तिलाच दूर्वा, तिलाच मोदक. दरवर्षीची मंडळी आली, आवाज खाली ठेवून आरती म्हणून गेली. ऋता दुपारी डबा घेऊन आली. तिचे मोदक बघितलेस तर तुला कळेल, कळ्या बऱ्या असतात पण सारण कोरडं. सगळे गेल्यावर ती थांबली आणि भांडी घासायला लागली. माझ्या डोक्यात इतकं तापलेलं होतं की मी विचारलंच. म्हटलं, देवयानीने तुला कळवलं असेल ना, मूर्ती तुझ्याकडे यायची होती म्हणून.

ती हातातलं पातेल्याचं झाकण तसंच धरून वळली. तिला काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, रोज मेल असते ना तुला तिची?

"असते ना. अस्वल असतं, पंखांचं बाळ असतं," ती म्हणाली. "ताई, त्यांनी मला एक ओळसुद्धा कधी लिहिलेली नाही. मला वाटायचं, खरं ते सगळं त्या तुम्हाला लिहितात. मला फार हेवा वाटायचा तुमचा. इथे मला असं कोणी नाही. म्हणून तेव्हा तसं बोलून गेले."

मी खुर्चीवर बसले. माझा सगळा राग एकदम खाली बसला आणि त्या जागी काय आलं, हे लिहायला मला पंधरा दिवस लागले. कारण तेव्हाच मला दुसरी गोष्ट कळली. तू ऋताकडे गणपती पाठवला नव्हतास. ऋता तुझ्या डोक्यातच नव्हती. बाळकृष्णरावांनी पत्ता विचारला असेल आणि तुझ्या तोंडून गेलं, अकराशे सेहेचाळीस. तू तुझ्याच घरी पाठवलास. दोन वर्षं झाली तुला जाऊन.

आणि मला आनंद झाला. हे वाचून तू मला काय म्हणायचं ते म्हण. आपण दोघी गच्चीवर गव्हाला ऊन देताना म्हणायचो, बदली झाली तर पुण्याला व्हावी, आपल्या माणसांत जावं, दारात मराठी बोलणारी भाजीवाली यावी. ते तुला मिळालं. मला नाही मिळालं. तू जायच्या दिवशी मी तुझे डबे बांधत होते आणि मनात म्हणत होते, हिलाच का. तेव्हापासून पुण्याचं नाव निघालं की मी विषय बदलते. म्हणून तुझं मन तिथे रमत नाही असं वाटलं तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं. रात्रभर बरं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी नेत्राला सांगून तुझ्या सगळ्या मेली पुन्हा उघडायला लावल्या. ती म्हणाली, "ये मौसी सोती नहीं क्या?" एकूण एक मेल मध्यरात्रीनंतरची.

प्रसन्न अमेरिकेला गेला, ते तू मला सांगितलंस, पण गेल्यावर घर कसं आहे ते सांगितलं नाहीस. यतीन कुठे असतात, तेही तुझ्या बोलण्यात येत नाही. तू चाळीस जणांना अस्वल पाठवतेस आणि त्यातल्या एकालाही तू कशी आहेस हे माहीत नाही. मला तर असायला हवं होतं. मी रुसून बसले होते.

आता हे वाचून फोन करू नकोस. फोनवर तू "मजेत आहे गं" म्हणशील आणि ठेवशील, आणि मेल उघडायला माझा हात आता पुढे होत नाही. कागदावर लिही. चार ओळी लिही, पण त्यात झोप का लागत नाही ते असू दे. नाहीतर दिवाळीनंतर सरळ निघून ये. गाडी नाही, तर बसने अंबाल्याला येऊन उभी राहीन. आणि उतरायचं ते आमच्याकडे. अकराशे सेहेचाळीस बघायला मी तुला घेऊन जाईन, ऋता चहा देईल, तू खोल्यांतून हिंडून घे, रडायचं असेल तर रड. मग परत माझ्याकडे यायचं.

ती पोरगी वाईट नाही. मी तिला सारण शिकवणार आहे. पण देवयानी, जे काय असेल ते आधी तिला लिहिलंस, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. हे मी गमतीने लिहीत नाही.

तुझी, आणि तुला दुसऱ्या कोणाबरोबर वाटून घ्यायला अजूनही न शिकलेली,
शैलजा