ओल्या पोत्याचा वास

लातूर, रविवार, दिवेलागणीला

दत्ताच्या साहेबांनी आज आमच्या घरी महागाची वाईन आणली. दत्ता म्हणला, "माय, घोटभर घेऊन बघ, द्राक्षाचीच हाय." घेतली. पावसात भिजलेल्या पोत्याचा वास आला. तसं बोलले, तर साहेब म्हणले, "आजीला सरबत द्या." दत्ता सगळ्यात मोठ्यानं हसला, माझंच लेकरू. मग सगळे वा वा करीत प्याले.

मला धड लिहिता येत न्हाई, पण जीभ शाबूत हाय. गावाकडं, नायगावला, गल्लीतली एक बी बाई मी चाखल्याबिगर लोणच्याच्या बरणीला दादरा बांधत नव्हती. इथं कुणी भाजीचं मीठ बघायलासुद्धा हाक मारत न्हाई. का जीभच म्हातारी झाली? पुन्हा एक घोट घेतला. पोतंच.

पाव्हणे गेल्यावर सून आपला भरलेला ग्लास मोरीत ओतून राहिली होती. मला बघून हळूच म्हणली, "आई, तुमचं खरं होतं. पण ह्यांना सांगू नका."

कशी सांगणार? दत्ता माझ्याशी "गोळी घेतली का" एवढंच बोलतो, अन् मी "हाव" म्हणेपर्यंत निघून जातो.