जावईबापूंच्या फायरवॉलबद्दल

निरगुडसर, ता. आंबेगाव
१० नोव्हेंबर २००८

चिरंजीव सुदर्शनराव जावईबापू, मुक्काम बंगळूर, यांना कुशाबाचे आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं, म्हैस आणि विहिरीवरची मोटर बरे आहोत. तिकडे तुमची, उज्ज्वलाची आणि आमच्या नातीची, संस्कृतीची तब्येत कशी आहे ते कळवावं. (दिवाळीला आला असता तर विचारावं लागलं नसतं. पण कंपनीला तुमच्याशिवाय चार दिवस काढणं जमत नाही, हे आम्ही समजू शकतो. आम्हाला दीड वर्ष जमतंय.)

पत्रास कारण तुमची फायरवॉल. चारचौघांसारखा कॉम्प्युटर सासऱ्याला देणं तुमच्या शिक्षणाला शोभलं नसतं, म्हणून तुम्ही त्यावर लिनक्स बसवलंत आणि वर आगंतुकांना अडवणारी ही भिंत उभी केलीत. निरगुडसरात माझ्या कॉम्प्युटरवर चालून कोण येणार, हे मी तेव्हाच विचारलं होतं. आमच्या दाराला दिवसा कडी नसते. बेल्ह्याच्या बाजाराला निघालेला अनोळखी माणूसही पाणी पिऊन जातो. तुमचा राखणदार मात्र कडक. दसऱ्यापासून त्याने संस्कृतीचे फोटो आत येऊ दिले नाहीत आणि मलाही बाहेर पडू दिलं नाही. गेणभाऊंना बोलावलं (जळालेली मोटर भरून देतात, म्हणून गावातले एकमेव तज्ज्ञ). त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "तात्या, जावयानं कुलूप लई भारी लावलंय, पर चावी संगंच नेली राव!"

मग तुमचे रविवारचे फोन सुरू झाले. काळ्या पडद्यावर तुम्ही एकेक अक्षर सांगायचं आणि मी एका बोटाने दाबायचं. पासवर्ड दाबला तर पडद्यावर काहीच उमटेना. बटणं अडकली असं समजून मी कीबोर्ड उलटा करून झटकला, त्यातून शेंगदाण्याची फोलपटं निघाली. पासवर्ड टाकताना काही दिसत नाही, तीच त्याची सुरक्षा आहे, हे तुम्ही मला अर्ध्या तासाने सांगितलंत. पुढच्या रविवारी तुम्ही फायरवॉलचे नियम पुसायला लावलेत, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा लिहायला लावलेत. दर वेळी यंत्र बंद करून चालू करायचं, ते जागं होईपर्यंत थांबायचं, आणि पुन्हा "काय दिसतंय, मामा?" मला काहीही दिसत नव्हतं. पाच रविवार झाले, तुमची भिंत जागची हललेली नाही. एवढं पक्कं बांधकाम आमच्या ओढ्यावरच्या पुलाला मिळालं असतं, तर तो पहिल्या पुरात गेला नसता.

आपला,
स्वतःच्याच कॉम्प्युटरच्या दाराबाहेर उभा असलेला सासरा,
कुशाबा

ता. क. खोटं बोलवत नाही, म्हणून लिहितो. फायरवॉल निर्दोष आहे. खंडेनवमीला कोयता, खुरपी, मोटरचा स्टार्टर यांच्यासोबत मी कॉम्प्युटरचीही पूजा केली. तारा पाटावर आडव्या येत होत्या म्हणून उपसल्या, आणि ओलं हळदकुंकू, अक्षता सगळ्या बाजूंनी मनोभावे वाहिल्या. दिवाळीच्या साफसफाईत तुमच्या सासूबाईंनी (शिक्षण चौथी) तार खोचायच्या भोकातून केसातल्या आकड्याने तांदळाचे दोन दाणे काढले. इंटरनेट लगेच सुरू झालं. पाच रविवारांत तुम्ही भिंतीची वीट न् वीट तपासलीत, पण तार नीट बसली आहे का, हे एकदाही विचारलं नाहीत.

ता. क. (दुसरा, आणि हा उज्ज्वलाला वाचून दाखवू नका.) म्हणजे शेवटचे तीन रविवार यंत्र धडधाकट होतं आणि मी त्याच्यासमोर बसून तुम्हाला "नाही हो, बंदच आहे" म्हणत होतो. त्याचं असं आहे. इंटरनेट नीट चाललं की महिन्याला चार फोटो येतात आणि फोन येत नाही. बिघडलं की तुम्ही फोन करता, आणि यंत्र जागं होईपर्यंतची चार मिनिटं फोन संस्कृतीच्या हातात देता. आता कळलं असेल, मी सारखं "पुन्हा बंद करून चालू करू का?" का विचारत होतो. फार आठवण येते हो पोरीची. तरी नाताळच्या सुट्टीत स्वतः येऊन बिघाड पाहावा. फोनवर तो सापडणार नाही, याची काळजी मी घेईन. काल संस्कृतीने हळूच विचारलं, "आजोबा, अजून बिघडलेलंच आहे ना?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग ठीक आहे."