श्रावणभर मोबाईलचा उपास

२४ जुलै, गुरुवार. दिव्याची अवस.

पिलाजीरावांचा फोन. मंडळाच्या श्रावण व्याख्यानमालेतला एक वक्ता ऐनवेळी मुलाकडे कॅनडाला गेला. सतरा ऑगस्टचा रविवार रिकामा आहे, कोणी सुचतंय का, म्हणून विचारत होते. तुम्हीच बोला असं तोंडाने म्हणाले नाहीत, पण सेक्रेटरी माणूस भिडस्त. मी ओळखलं आणि लगेच हो म्हटलं. विषयही देऊन टाकला: 'मोबाईलच्या विळख्यातून मी कसा सुटलो'.

आता सुटायला हवं.

उद्यापासून श्रावण. श्रावणभर मोबाईल बंद. बडोद्याजवळ कोयलीला रिफायनरीत तीस वर्षं सेफ्टीत काढली, अख्खी युनिटं शटडाउनला घेतली, तिथे हे तळहाताएवढं यंत्र म्हणजे काय!

नीराला सांगितलं. ती दिवे घासत होती. म्हणाली, छान, मीही यंदा एक नेम धरतेय. कसला, तर म्हणे नेम बोलून दाखवायचा नसतो, पाळायचा असतो. टोमणा असावा. सोडून दिला.

रोजनिशी वहीतच लिहायची. वही आणेपर्यंत मोबाईलच्या नोट्समध्ये.

२५ जुलै, शुक्रवार. सकाळी.

सगळ्या ग्रुपांवर निवेदन टाकलं. श्रावणभर मी उपलब्ध नसेन, तातडीचं काही असल्यास घरी यावे. मंडळ, सोसायटी, रिफायनरीचे रिटायर्ड, भाचे-पुतणे, योगावाले. कोणालाही धक्का बसू नये म्हणून शेवटी नमस्काराचे हात.

दुपारी.

धक्का बसलेला नाही. कोणी किती वाचलं एवढंच पाहायला उघडला. चार अंगठे. रिफायनरीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, चालसे, म्हणजे चालेल. इतक्या वर्षांची सोबत आणि नुसतं चालसे! त्याला नीट समजावून लिहिलं. तर तो विचारतो, विश्रामभाई, तुम्ही बंद होता ना? त्यालाही उत्तर द्यावं लागलं. मग इतर बोलले. दुपार त्यातच गेली.

चालू युनिट एकदम बंद करणं सेफ्टीच्या दृष्टीने चूकच. प्रेशर हळूहळू उतरवायचं असतं.

२८ जुलै, पहिला श्रावणी सोमवार.

उपासाला फराळाचं चालतं. मग मोबाईलच्या उपासालाही चाललं पाहिजे. शांतपणे बसून ठरवलं. पंचांगाचं अ‍ॅप चालेल, ते धार्मिक. बातम्या चालतील, पण देशाच्या. सकाळचा सुविचार चालेल, ती समाजसेवा. यूट्यूब टीव्हीवर लावलं तर तो मोबाईलच नव्हे.

नीराला सगळं मोबाईलवरून वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. साबुदाण्याची खिचडी वाढली आणि आत गेली. एरवी 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणून मोकळी झाली असती. माझ्या निश्चयाचं वजन घरात जाणवू लागलंय.

३० जुलै, बुधवार.

नीराचा नेम काय ते कळत नाही. चहा घेते. बटाटा खाते. गोड खाते, काल बासुंदी दोनदा घेतली. सिरियल बघते. कॉफी सोडली असावी. तशी ती कॉफी पीत नाहीच, म्हणजे नेम सोपा निवडला. बायकांची हुशारी!

एक गंमत मात्र आहे. फोन फ्रिजशेजारी चार्जिंगला लावला की ही ओल्या हातांनी धावत येते आणि एका दमात दहा गोष्टी सांगते. गॅसवाला येऊन गेला, बाथरूमची जाळी तुंबली, अवंतीचा पुण्याहून फोन होता, पेरू कच्चे निघाले. मी फोन परत हातात घेतला की गप्प. हातात काम दिसलं की अडवायचं नाही, हे तिला कळतं. समजूतदार आहे.

२ ऑगस्ट, शनिवार.

वेळ बघायला मोबाईल लागतो, म्हणून तोही चाळा बंद करायचा ठरवलं. घडियाळी पोळाच्या बाजारात जाऊन गजराचं घड्याळ आणलं. दुकानदार म्हणाला, काका, मोबाईलमां तो छे ज ने. त्याला चांगलं दहा मिनिटं सुनावलं. तो ऐकत होता, कारण माझ्याकडे सुटे नव्हते आणि स्कॅन करून पैसे जायला वेळ लागत होता.

घरी येऊन घड्याळाचा फोटो काढला. 'पुन्हा मुळांकडे' असं लिहून टाकला. अंगठेच अंगठे. अधूनमधून पाहणं भाग होतं.

फोन चार्जिंगला असताना नीरा आली. म्हणाली, अहो, ऐका ना, मी आणि संयोगिताने एक ठरवलंय, सकाळी मागच्या मैदानावर... तेवढ्यात पिलाजीरावांचा फोन वाजला. तो घेतला. परत आलो तर ही भाजी निवडत होती, बोलेना. संयोगिता म्हणजे आमची वरच्या मजल्यावरची शेजारीण. दोघींचं योगबिग काही असेल. महत्त्वाचं असतं तर परत सांगितलं असतं.

५ ऑगस्ट, मंगळवार.

व्याख्यानाची तयारी जोरात. मोबाईलच्या दुष्परिणामांवर किती व्हिडिओ आहेत! एक बघितला की खाली दुसरा. राजकोटच्या एका गृहस्थाने मोबाईल कायमचा सोडला, त्याबद्दल तो रोज एक व्हिडिओ टाकतो. तपस्वी माणूस. सगळे बघून काढतोय.

त्यामुळे बॅटरी टिकत नाही. पॉवर बँक आणली. आता फोन फ्रिजपाशी ठेवावाच लागत नाही.

आणि घरात काय शांतता! तक्रार नाही, जाळी नाही, पेरू नाहीत. उपास एकाचा, पुण्य दोघांना.

९ ऑगस्ट, शनिवार. नारळी पौर्णिमा.

नारळीभात उत्तम. अवंतीचा व्हिडिओ कॉल. लेकीचा कॉल म्हणजे फराळाचाच. आई कशी आहे विचारलं. म्हटलं, शांत झालीय फार. ती म्हणाली, माझ्याशी तर रोज तासभर बोलते. म्हटलं, बाहेरच्यांशी बोलावंच लागतं. बाबा, आईचा नेम ओळखलात का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, कॉफी. ती इतकी हसली की तिचा फोनच हलायला लागला. नेटवर्क पुण्यालाही धड नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार.

आज पोट धरून हसलो. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी गच्चीवरून काढलेला व्हिडिओ आला. मागच्या मैदानावर एक बाई अ‍ॅक्टिवा शिकतेय. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, वर गॉगल. दोन्ही पाय जमिनीला लावून चालवतेय. एक चक्कर, दुसरी चक्कर, आणि मग सरळ रेतीच्या ढिगात. उठली, कपडे झटकले, परत बसली.

मी वर लिहिलं, 'बडोदेकरांनो, रस्ते रिकामे करा, रणरागिणी सुटल्या', आणि सगळ्या ग्रुपांना पाठवला. फॉरवर्ड हे फराळात बसतं. आपण बघत नाही, नुसतं पुढे देतो.

ओढणी मोरपंखी होती. नीराकडेही तशीच आहे. हल्ली सगळ्यांकडे सारख्याच वस्तू.

जेवताना नीराच्या कोपराला पट्टी दिसली. विळी लागली असेल. विचारणार होतो, पण व्हिडिओला धडाधड उत्तरं यायला लागली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार.

खालच्या पटेलांकडून शीतळा सातमचे, म्हणजे चूल न पेटवण्याच्या सणाचे, गार थेपले आले. व्याख्यान तयार. मोबाईलवरच टाइप केलंय, अक्षर मोठं करता येतं. वही अजून आणायचीच आहे.

नीरा खोलीच्या दाराशी येते, उभी राहते, जाते. आज तीनचारदा तरी. माझी साधना बघत असावी.

१७ ऑगस्ट, रविवार. सकाळी.

झब्बा इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला. न सांगता! मी माईक तपासायला रिक्षाने लवकर जाणार. ती संयोगिताबरोबर मागून येईल, असं संयोगिताने जिन्यात सांगितलं.

संध्याकाळी, घरी.

काय झालं ते लिहून काढतो, म्हणजे डोकं हलकं होईल.

हॉल भरला होता. चष्मा लावला, मोबाईल उघडला, वाचायला सुरुवात केली. 'मित्रहो, आज माझा हात मोकळा आहे.' मागच्या रांगांत हशा पिकला. मला वाटलं, सुरुवात जमली. पुढे पुढे प्रत्येक वाक्याला हशा. नको तिथेही.

शेवटी मी रंगात आलो. पहिल्या रांगेत नीरा बसली होती. तिच्याकडे हात करून विचारलं, नीरा, तूच सांग, सुटलो की नाही मी? पिलाजीरावांनी तिला माईक नेऊन दिला. ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मी म्हटलं, अगं बोल. ती गप्प. परत म्हटलं. गप्पच.

मग संयोगिता उठली. म्हणाली, अहो, त्यांचा नेम आहे ने! तुमच्या हातात मोबाईल असेतोवर तुमच्याशी बोलायचं नाही, श्रावणभर. पहिल्या दिवसापासून एकदाही मोडला नाही त्यांनी.

काय हसले लोक! मागून कोणा आजोबांनी 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' म्हटलं आणि दुसऱ्या कोणीतरी पुढचा चरण पुरा केला. मी फोन खिशात घातला. त्याबरोबर नीरा बोलली. आवाजही चढवला नाही. म्हणाली, मी दोन आठवडे स्कूटर शिकतेय, आज इथवर संयोगिताला मागे बसवून आले. तुम्हाला सांगायला रोज दाराशी येत होते. मग लोकांकडे वळून म्हणाली, रेतीतला तो व्हिडिओ पुष्कळांनी बघितला असेल. पडलेली मीच. उठलेलीही मीच.

टाळ्या माझ्यापेक्षा जास्त. व्हिडिओ कोणी पाठवला ते तिने सांगितलं नाही. निम्म्या हॉलला माहीत होतं. मला इतकी लाज उभ्या नोकरीत वाटली नव्हती. सेफ्टीवाला मी, आणि घरातल्या पडलेल्या माणसाला लागलं का एवढंही विचारलं नाही!

१८ ऑगस्ट, सोमवार. सकाळी.

पहाटेपासून तो व्हिडिओ ग्रुपांवरून काढायला बसलोय. माझ्याकडचा निघतो, लोकांकडचा निघत नाही. मुदत उलटून गेलीय. भाच्या-पुतण्यांनी पुढे पाठवला, तो भरूचला पोचला, तिथून कुठे कुठे फिरला आणि आत्ता माझ्याच आतेभावाने मला पाठवला. वर लिहिलंय, बघ रे, तुमच्या बडोद्याच्या बायका.

आता खरंच बंद. व्याख्यानासाठी नाही, कोणाला दाखवायला नाही. नीराशी नीट बोलायचं. माफी मागायची. त्याआधी मनातलं एकदा इथे व्यवस्थित मांडून घेतो, म्हणजे बोलताना अडखळायला नको.

मुद्दा पहिला. माझा हेतू वाईट नव्हता.

नीरा दारात आलीय. मोरपंखी ओढणी, हातात चावी, दोन हेल्मेटं. तोंड उघडलं, माझ्या हाताकडे बघितलं, मिटलं. हसतेय मात्र. दुसरं हेल्मेट संयोगिताचं असणार. बाहेर निघाल्या असतील दोघी. सेव-उसळ खायला वगैरे.

हाताने खूण केली, एकच मिनिट. हा मुद्दा पुरा करून ठेवतोच.

मुद्दा पहिला. माझा हेतू वाईट नव्हता, पण परिणाम

खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. गेली वाटतं.

संयोगिता तर काल व्याख्यान संपल्यावरच करजणला बहिणीकडे गेली. जाताना मीच बॅग रिक्षात ठेवली होती.

एक हेल्मेट दाराशी ठेवून गेलीय. घालून पाहिलं. माझ्याच मापाचं आहे.