तीन धडधाकट दाढा

माय,

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वाअकराला, मालेगावच्या बस स्टँडवर तू माझ्याशी खोटं बोललीस. वेळ पक्की आठवते, कारण मेडशीची एसटी लागली होती आणि मी सारखी घड्याळ बघत होते. दातांच्या डॉक्टरने तुझ्या उजव्या बाजूच्या तीन दाढा नुकत्याच उपटल्या होत्या. तोंडात कापसाचा बोळा धरून तू म्हणालीस, "थांबलं वं. आता कायचं दुखते?"

त्याच्याकडे तुला मीच नेलं होतं. तू परोपरीनं सांगत होतीस, "दाढ नाई वं दुखत, गालात ईज चमकून राह्यली." मी कॉन्व्हेंटात शिकलेली, नवी नवी मास्तरीण. म्हटलं, "नाटकं बंद कर. आ कर."

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मीही निवृत्त झाले, आणि आता तीच वीज माझ्या गालात आहे. चूळ भरली, पंख्याचा वारा लागला, की कडाडते. नागपूरच्या डॉक्टरांनी फोटोवर बोट ठेवून दाखवलं: चेहऱ्याच्या नसेवर, ती मेंदूतून निघते तिथेच, एक रक्तवाहिनी टेकली आहे. दातांचा काही संबंध नाही. तुझ्या दाढा धडधाकट होत्या, माय!

गोळ्यांनी मला भोवळ येते. म्हणून सोमवारी नऊ वाजता डोक्याला चार स्क्रूंनी धातूची चौकट घट्ट बसवणार आणि बाहेरून नेमका त्या नसेवर किरणांचा मारा करणार. चिरफाड नाही. गुण यायला काही आठवडे लागतील, कदाचित येणारही नाही, गाल बधिर होऊ शकतो. सही करून दिली आहे.

पण राग मला तुझा येतो. बाजारात वांगी-मेथी विकताना तू गिऱ्हाइकाला हाक मारणं सोडलंस, गालाला पदर लावून बसायचीस. शेजारची म्हणायची, "पोरगी मास्तरीण झाली, आता बाई कायले बोलते!" मीसुद्धा हसले होते. जेवताना भाकर दुधात भिजवून गिळायचीस. विचारलं की एकच, "बरं हाय."

मला कळलं नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे. त्याच एसटीत खिडकीचा वारा आला आणि तू माझं मनगट करकचून धरलंस. मी मनगट सोडवून घेतलं आणि पुन्हा वेळ बघितली.

तेव्हा विचारलं असतं, तर खरं सांगितलं असतंस का? सोमवारी सकाळी नऊच्या आत मला लेखी उत्तर हवं. अंगठा चालेल.